वाचकांचे प्रश्न : विद्यापीठात कृष्णवर्णीय इतिहास, साहित्य आणि कलेचं प्रदर्शन मांडताना

अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या आणि तिथल्या ग्रंथालयांत, कलादालनांत काम करणाऱ्या मराठी वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बरेचसे प्रश्न अमेरिकेत दर फेब्रुवारीत पाळल्या जाणाऱ्या ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’मधल्या, म्हणजे कृष्णवर्णीय इतिहास महिन्यातल्या, प्रदर्शनांविषयी आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात अर्धवेळ काम करते. ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’साठी तीन काचपेट्या आणि पाच आठवडे मिळाले आहेत. मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स, माल्कम एक्स अशा दहा-बारा जणांचे फोटो आणि खाली माहिती, असा बेत आहे. आणखी काय हवं?

उत्तर : हा बेत बदला. हे चेहरे बघणाऱ्याला आधीच माहीत असतात, म्हणून तो थांबत नाही. तुमच्या विद्यापीठाकडे जे आहे ते मात्र दुसऱ्या कुणाकडेच नाही, ते म्हणजे तुमच्या अभिलेखागारातली कागदपत्रं. प्रदर्शन तिथून सुरू करा.

आधी एक प्रश्न लिहून काढा. ‘कृष्णवर्णीयांचं योगदान’ हा विषय फार ढोबळ झाला, त्यात काहीही बसतं. ‘आपल्या विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना राहायला जागा कुठे मिळायची?’ हा प्रश्न मात्र पेटीतल्या कागदांना उत्तर द्यायला लावतो. शिल्पकार एलिझाबेथ कॅटलेट यांनी १९४० साली आयोवा विद्यापीठातून कलेची उच्च पदवी घेतली, तेव्हा तिथल्या वसतिगृहांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. आज तिथल्या एका वसतिगृहाला त्यांचंच नाव आहे. एवढ्या एका गोष्टीवर एक पेटी उभी राहू शकते. सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये ६ नोव्हेंबर १९६८ ला सुरू झालेला विद्यार्थ्यांचा संप मार्च १९६९ पर्यंत चालला आणि त्यातून तिथे वांशिक अभ्यासाचं स्वतंत्र महाविद्यालय निघालं. तुमच्याकडे एवढं मोठं काही घडलं नसेल, तरी त्या वर्षांतलं विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र उघडून बघाच.

पहिला आठवडा फक्त शोधाचा. अभिलेखपालांकडे विद्यार्थी वर्तमानपत्राचे बांधीव खंड, वार्षिकांक, विश्वस्तांच्या बैठकांची इतिवृत्तं, वसतिगृह कार्यालयाचा पत्रव्यवहार, नाटक-संगीताच्या कार्यक्रमपत्रिका आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेची पत्रकं मागा. शोधताना अडतं ते इथे: जुन्या नोंदी जुन्या शब्दांत आहेत. ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या विषयसूचीत १९७६ पर्यंत ‘निग्रोज’ हा शब्द होता, मग ‘अ‍ॅफ्रो-अमेरिकन्स’ आला आणि २००० च्या सुमाराला ‘आफ्रिकन अमेरिकन्स’. त्याहून जुन्या यादीत ‘कलर्ड’ सापडेल. चारही शब्दांनी शोधा, नाहीतर अर्धं साहित्य हाती लागणार नाही.

सूची ही गोष्ट तटस्थ नसते. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९३० पासून १९७३ पर्यंत संग्रह सांभाळणाऱ्या डोरोथी पोर्टर यांना हे पहिल्यांदा दिसलं. त्या वेळच्या ड्यूई पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, गुलामगिरीला ३२६ आणि वसाहतींना ३२५ हे क्रमांक होते, आणि अनेक ग्रंथालयं कृष्णवर्णीय लेखकाचं कुठलंही पुस्तक, मग ते कवितांचं का असेना, त्यांतच कोंबत. पोर्टरबाईंनी ही पद्धत झुगारली, पुस्तकं विषय आणि लेखकाप्रमाणे लावली. तिथला आजचा मूरलँड-स्पिंगार्न संग्रह त्यांच्या हातून घडला. तुमच्या प्रदर्शनात एक जुनं सूचीपत्र ठेवता आलं तर ठेवा, ते खूप बोलतं.

दुसऱ्या आठवड्यात निवड. चार फुटी पेटीत सहा ते आठ वस्तू पुरेत. पंधरा ठेवल्या की बघणारा एकही नीट बघत नाही. तिसऱ्या आठवड्यात मजकूर लिहून दुसऱ्याकडून तपासून घ्या, चौथ्यात छपाई आणि पुस्तकांचे आधार, पाचव्यात मांडणी. मांडणीला पूर्ण दिवस लागतो, दोन माणसं लागतात.

एक चूक हमखास होते: ‘आमच्या विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी’. जुन्या प्रवेशनोंदीत वंश लिहिलेला नसे, आणि काही जण गोरे म्हणूनच वावरत. फलक लागला की आठवड्याभरात त्याहून आधीचं नाव घेऊन कुणीतरी येतं. ‘आजवर सापडलेली सर्वांत जुनी नोंद’ असं लिहा. ते खरं आहे, आणि शोध चालू असल्याचंही त्यातून कळतं.

प्रश्न : फेब्रुवारीच का? आणि ब्रिटनमध्ये हाच महिना ऑक्टोबरात का असतो?

उत्तर : इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९१५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा आणि इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था काढली आणि १९२६ च्या फेब्रुवारीत ‘निग्रो हिस्टरी वीक’ सुरू केला. अब्राहम लिंकन यांचा जन्मदिवस १२ फेब्रुवारी, गुलामीविरोधी चळवळीतले नेते फ्रेडरिक डग्लस यांचा १४. डग्लस गुलामीत जन्मले, त्यांच्या जन्माची तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. १४ तारीख त्यांनी स्वतः ठरवली. आठवड्याचा महिना करण्याची कल्पना विद्यापीठातूनच आली. ओहायोतल्या केंट स्टेटच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी ती १९६९ मध्ये मांडली, पुढच्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत साजरीही केली. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी तिला मान्यता दिली. ब्रिटनमधला महिना १९८७ पासूनचा, तो वेगळ्या चळवळीतून आला.

वुडसन यांची संस्था दरवर्षी एक सूत्र जाहीर करते. २०२५ चं सूत्र श्रम होतं, २०२६ चं या स्मरणाची शंभर वर्षं. सूत्र घ्यायचं तर ऑक्टोबरपर्यंत ठरवा. आणि १ मार्चला पेट्या रिकाम्या करू नका. जानेवारीच्या शेवटी लावलेलं प्रदर्शन एप्रिलच्या मध्यापर्यंत राहू द्या. त्यापुढे का नाही, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : आमच्याकडे ‘द क्रायसिस’ या कृष्णवर्णीयांच्या मासिकाचे १९२०च्या दशकातले मूळ अंक आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या काही पहिल्या आवृत्त्या आहेत. काचपेटी खिडकीशेजारी आहे, वर ट्यूबलाइट. एकाच सत्रापुरतं ठेवायचं आहे, चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. पेटी हलवा. हलत नसेल तर मूळ अंक ठेवू नका, प्रतिकृती ठेवा.

प्रकाशाने झालेलं नुकसान साठत जातं, पेटी झाकली म्हणून भरून येत नाही. कागद, जलरंग आणि छायाचित्रांसाठी ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) ही मर्यादा धरतात. रोज १० तास, १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस धरले तर ४२,००० लक्स-तास होतात. साध्या अभ्यासिकेत ४०० लक्स सहज असतो. तेवढ्याच काळात ३,३६,००० लक्स-तास, म्हणजे आठपट. खिडकीतून येणारं ऊन याच्या कितीतरी पुढे असतं. लक्समापक विद्यापीठाच्या संवर्धन विभागाकडून किंवा कलादालनाकडून एका दिवसासाठी मागून घ्या. मोबाइलवरचं अ‍ॅप फक्त अंदाज देतं. मापन वस्तू जिथे ठेवणार तिथे, पेटीच्या आत, दुपारी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा करा. अतिनील किरणं दर ल्यूमेनला ७५ मायक्रोवॅटच्या खाली हवीत. ती अडवणारी काचेवरची गाळणी जुनी झाली की निकामी होते, तेव्हा ती आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

मासिकं आणि वर्तमानपत्रं लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेली असतात. त्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य प्रकाशात पिवळं पडतं, आम्ल वाढतं आणि कागद घडीवर तुटतो. ‘द क्रायसिस’चं मुखपृष्ठ दाखवायचं असेल तर मूळ अंक चार आठवडे ठेवा, मग दुसरा अंक किंवा प्रतिकृती. प्रतिकृतीवर ‘प्रतिकृती’ असं लिहिलंच पाहिजे.

पुस्तक उघडं ठेवताना ते आपणहून जेवढं उघडतं तेवढंच उघडा, साधारण ९० ते १२० अंश. सपाट दाबलं की पाठ तुटते. दोन्ही पुठ्ठ्यांखाली आधार हवा. उघडलेलं पान सुरुवातीचं असेल तर डाव्या बाजूला कमी पानं असतात, तिथला आधार उंच करावा लागतो. पान धरून ठेवायला पॉलिएस्टरची पारदर्शक पट्टी, साधारण एक सेंटिमीटर रुंद, सैलसर. पट्टीची टोकं एकमेकांना चिकटवायची, चिकटपट्टी पुस्तकाला लागता कामा नये. दर तीन-चार आठवड्यांनी पान उलटा. वेष्टणं फार जपा. आरन डग्लस यांच्यासारख्या चित्रकारांनी त्या काळात पुस्तकांसाठी केलेलं काम हा स्वतंत्र कलेचा ठेवा आहे, आणि छापील रंग आधी उडतात.

पेटीच्या आतलं सामान कुणी बघत नाही, घात मात्र तिथेच होतो. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) आणि ओकच्या फळ्या आम्लाची वाफ सोडतात. ताजा रंग लावलेली पेटी तीन-चार आठवडे उघडी ठेवल्याशिवाय वापरू नका. लोकरीच्या नमद्यात गंधक असतं, त्याने छायाचित्रांतली चांदी काळवंडते. आम्लमुक्त पुठ्ठा आणि धुतलेलं सुती कापड वापरा. आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांत स्थिर असावी. आकड्यापेक्षा चढउतार जास्त बाधतो; शनिवार-रविवारी वातानुकूलन बंद होतं का, ते इमारत विभागाला विचारा. पेटीच्या आत दिवा असेल तर तो काढाच, तापतो.

प्रश्न : कवी लँग्स्टन ह्यूज यांची कविता सहा फुटी फलकावर छापायची आहे, आणि लेखिका झोरा नील हर्स्टन यांचं आमच्या संग्रहातलं पत्र संकेतस्थळावर टाकायचं आहे. शैक्षणिक कामाला परवानगी लागत नाही असं सगळे सांगतात.

उत्तर : सगळे चुकतात. तीन गोष्टी वेगळ्या करा.

पहिली, कायदेशीरपणे बनलेली मूळ प्रत तुमच्या मालकीची असेल तर ती तिथल्या तिथे पेटीत ठेवायला परवानगी लागत नाही. अमेरिकी कायदा हा हक्क मालकाला देतो. म्हणून मूळ पुस्तक कवितेच्या पानावर उघडं ठेवणं हा सगळ्यांत सोपा मार्ग.

दुसरी, मोठं करून छापणं म्हणजे नवी प्रत करणं. इथे वर्ष बघावं लागतं. अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या मजकुराला ९५ वर्षं संरक्षण असतं; १९३० चा मजकूर १ जानेवारी २०२६ ला मुक्त झाला. ह्यूज यांची नद्यांवरची कविता १९२१ मध्ये ‘द क्रायसिस’मध्ये आली, त्यांचा पहिला संग्रह ‘द वेअरी ब्लूज’ १९२६ मध्ये. दोन्ही मोकळी. लांबणीवर पडलेल्या स्वप्नाची ‘हार्लेम’ ही कविता १९५१ ची, ती २०४६ अखेरपर्यंत बंधनात. बहुतेक विद्यार्थ्यांना हीच हवी असते, आणि तिच्यासाठी प्रकाशकाकडे परवानगी मागावी लागते. उत्तराला सहा ते आठ आठवडे धरा. मोकळी कविता घेतानाही मजकूर त्या काळच्या छापील पानावरूनच घ्या. पुढच्या आवृत्त्यांत कवी बदल करतो, आणि ते बदल मोकळे झालेले नसतात.

१९३१ ते १९६३ या काळातल्या प्रकाशनांत एक वाट आहे. त्यांचा हक्क २८व्या वर्षी नव्याने नोंदवावा लागे. नोंदवला नसेल तर मजकूर मोकळा. लहान कृष्णवर्णीय प्रकाशनसंस्थांच्या पुस्तिका, चर्चची स्मरणिका, महाविद्यालयीन मासिकं यांचं बहुधा कुणी नूतनीकरण केलेलं नसतं. पुस्तकांसाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाची नूतनीकरणांची शोधसूची आहे. शोधाची तारीख आणि निकाल कागदावर लिहून फाइलला लावा.

तिसरी, अप्रकाशित पत्रं. ती लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं बंधनात राहतात. हर्स्टन १९६० मध्ये वारल्या, म्हणजे २०३० अखेरपर्यंत. ह्यूज १९६७ मध्ये, म्हणजे २०३७. पत्राचा कागद तुमचा, शब्द वारसांचे. पेटीत मूळ पत्र ठेवा, संकेतस्थळावर वर्णन आणि एखाद-दुसरी ओळ. पूर्ण पत्रासाठी वारसांकडे लिहा.

छायाचित्रांना पैसे खर्चू नका, ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये मोफत खजिना आहे. छायाचित्रकार कार्ल व्हॅन व्हेक्टन यांनी काढलेली ह्यूज, हर्स्टन आणि अनेक कलावंतांची व्यक्तिचित्रं तिथे मुक्त आहेत. चित्र कापू नये, त्यात रंग भरू नयेत, नाव द्यावं, एवढी त्यांच्या वारसांची विनंती आहे. ती पाळा. गॉर्डन पार्क्स यांनी १९४२ मध्ये सरकारी कामावर असताना काढलेली छायाचित्रंही मोकळी आहेत; त्यांचं नंतरचं काम तसं नाही.

गाणी वाजवायची असतील तर हिशोब आणखी वेगळा. १९२३ ते १९४६ मधल्या ध्वनिमुद्रणांना १०० वर्षं. गायिका बेसी स्मिथ यांची १९२५ पर्यंत प्रसिद्ध झालेली मुद्रणं २०२६ मध्ये मोकळी आहेत, १९२६ ची १ जानेवारी २०२७ ला होतील. मात्र नव्याने साफ करून काढलेल्या तबकडीऐवजी मूळ तबकडीवरून केलेली नोंद वापरा, आणि हेडफोन द्या. मोकळा आवाज दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातले कर्मचारीच बंद करतात.

प्रश्न : इतिहास विभागाच्या संग्रहात माणसांच्या विक्रीचे कागद आहेत आणि झुंडबळीचं एक छायाचित्र-पोस्टकार्डही. हे दाखवायचं की नाही?

उत्तर : विक्रीचे कागद दाखवा, नीट दाखवा. पोस्टकार्ड दाखवू नका.

विक्रीपत्रात सहसा विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव ठळक असतं, विकल्या जाणाऱ्यांचं एका ओळीत, वयासह. वस्तूजवळच्या तुमच्या माहितीच्या चिठ्ठीत क्रम उलटा करा: आधी त्यांची नावं, पूर्ण, आकाराने मोठी. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने २७२ माणसं लुईझियानात विकली आणि त्या पैशातून जॉर्जटाउन महाविद्यालयाचं कर्ज फेडायला मदत झाली. त्यांची नावं आज उघडपणे वाचता येतात आणि वंशजांना आपली माणसं त्यांतून सापडली आहेत. तुमच्या कागदावरच्या नावांचेही वंशज असतील. प्रदर्शनाआधी काउंटीच्या नोंदी आणि १८७० ची जनगणना एकदा चाळा. मुक्त झालेल्या बहुतेक माणसांची नावानिशी नोंद झालेली ती पहिली राष्ट्रीय जनगणना.

पोस्टकार्डाचं तसं नाही. ते हिंसा करणाऱ्यांनी विकण्यासाठी काढलेलं चित्र आहे. ते मोठं करून भिंतीवर लावलं की त्या माणसाला पुन्हा त्याच गर्दीसमोर उभं केल्यासारखं होतं. तोच विषय पत्रकार आयडा बी. वेल्स यांच्या १८९२ आणि १८९५ च्या पुस्तिकांतून मांडता येतो. त्यांनी वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून आकडे आणि कारणं गोळा करून झुंडीचा खोटेपणा उघडा पाडला. पुस्तिका दोन्ही मोकळ्या आहेत, आणि त्यांत लिहिणारी बाई स्वतःच्या पायावर उभी दिसते.

कुणाच्या संमतीशिवाय काढलेल्या चित्रांचा प्रश्न आता न्यायालयांपर्यंत गेला आहे. १८५० मध्ये साउथ कॅरोलायनात गुलामीतल्या रेंटी आणि त्यांची मुलगी डेलिया यांची उघड्या अंगाने काढलेली डॅगेरोटाइप (धातूच्या पत्र्यावरची जुन्या पद्धतीची) छायाचित्रं हार्वर्डकडे होती. स्वतःला त्यांची वंशज म्हणवणाऱ्या बाईंनी २०१९ मध्ये दावा लावला. २०२५ मध्ये तडजोड झाली, चित्रं साउथ कॅरोलायनातल्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाकडे द्यायचं ठरलं. अशी चित्रं कुठल्याही पुस्तकातून उचलून फलकावर लावू नका.

कठीण वस्तू ज्या पेटीत आहे तिच्या आधी, वळणावर, दोन ओळींची सूचना लावा, म्हणजे न बघता पुढे जायची वाट राहील. कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेला मसुदा दाखवायचा तो छपाईआधी, आणि त्यांच्या वेळेचा मोबदला द्यायचा. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बोलावणं म्हणजे नुसती सही मागणं. आणि सगळ्या पेट्या दुःखाच्या नकोत. हेन्री ओसावा टॅनर यांचं १८९३ चं ‘द बॅन्जो लेसन’, म्हातारा नातवाला बॅन्जो शिकवतोय ते चित्र, हॅम्प्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. शिकवणं, हसणं, सजणं, स्वयंपाक, प्रेमपत्रं, हा सगळा त्याच इतिहासाचा भाग आहे.

प्रश्न : आमच्या मराठी मंडळासाठी फलकांचा मराठी अनुवाद करतो आहे. ‘ब्लॅक’ला काय म्हणायचं? ‘निग्रो’ खोडायचं का?

उत्तर : इंग्रजीत २०२० पासून बहुतेक वृत्तसंस्था हा शब्द मोठ्या लिपीतल्या ‘बी’ने लिहितात, कारण तो समाजाचं नाव आहे. आपल्या लिपीत ती सोय नाही. ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द रुळला आहे, तो वापरा. अमेरिकेपुरतं बोलत असाल तर ‘आफ्रिकन-अमेरिकन’. ‘काळे लोक’ मराठीत रंगाच्या शेऱ्यासारखं ऐकू येतं, टाळा. ‘निग्रो’ संस्थेच्या किंवा पुस्तकाच्या मूळ नावात असेल तिथे तसाच ठेवा. आलेन लॉक यांच्या १९२५ च्या संकलनाचं नाव ‘द न्यू निग्रो’ आहे आणि ते अभिमानाने ठेवलेलं आहे. तुमच्या स्वतःच्या वाक्यात मात्र तो शब्द नको.

‘गुलाम’ या शब्दाकडे खास लक्ष द्या. ‘१२ गुलाम विकले’ असं लिहिलं की जणू ती माणसं जन्मतःच तशी होती. ‘गुलामीत ठेवलेली १२ माणसं विकली’ असं लिहा. वाक्य लांबतं, पण गुलामीत ठेवणारा कुणीतरी होता हे त्यात उरतं. तसंच ‘मालक’ऐवजी ‘गुलामीत ठेवणारा’. ‘पळालेला गुलाम’ऐवजी ‘स्वतःची सुटका करून घेतलेली’. अनुवाद करताना कर्मणी प्रयोगाचा मोह आवरा. ‘त्यांना प्रवेश नाकारण्यात आला’ म्हणजे कुणी नाकारला? इतिवृत्तात नाव आहे, ते लिहा.

प्रश्न : कलादालनाची एक भिंत मोकळी आहे, सुमारे २० फूट. निधी जवळजवळ नाही. मूळ चित्रं उसनी मिळतील का?

उत्तर : या वर्षी नाही. मोठ्या संग्रहाकडून चित्र उसनं घ्यायला सहा महिने ते वर्ष लागतं. ते तुमच्या इमारतीचा तपशील मागतात (तापमान, आर्द्रता, पहारा, आग विझवण्याची सोय), चित्र तिथून निघाल्यापासून परत पोहोचेपर्यंतचा विमा मागतात, आणि येताना-जाताना दोन्ही वेळा स्थितीचा लेखी व छायाचित्रांसह अहवाल. फिस्क विद्यापीठातली आरन डग्लस यांची १९३० ची भित्तिचित्रं तर तिथेच जाऊन बघण्याची गोष्ट आहे.

तुमच्या भिंतीसाठी मात्र नेमकं साहित्य आहे, आणि तेही विद्यापीठातच जन्मलेलं. १९०० च्या पॅरिस महाप्रदर्शनासाठी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी अटलांटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना घेऊन सुमारे ६० तक्ते हाताने काढले. शाई आणि जलरंगात जॉर्जियातल्या कृष्णवर्णीयांची जमीन, शिक्षण, व्यवसाय, शहर आणि खेड्यातली वस्ती दाखवली. एका तक्त्यात गावाकडच्या लोकसंख्येची लाल रेघ गुंडाळी होत मध्यभागी जाते, ती बघून आजचे आलेखकारही थबकतात. सोबत ३६३ छायाचित्रांचे संग्रह होते आणि डॅनियल मरे यांनी जमवलेली कृष्णवर्णीय लेखकांची २०० च्या वर पुस्तकं. या कामासाठी डुबॉइस यांना सुवर्णपदक मिळालं. तक्ते ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात मोफत आहेत.

मूळ आकार सुमारे २२ बाय २८ इंच. तेवढाच छापा. २० फूट म्हणजे २४० इंच. आठ तक्ते आणि मधे सहा इंचांच्या सात फटी मिळून २१८ इंच होतात, दोन्ही टोकांना ११ इंच उरतात. नववा घुसवू नका. चकाकी नसलेला कागद, मागे पाच मिलिमीटरचा फोम बोर्ड. कडा रोलरने दाबा, नाहीतर आठवड्यात कोपरे उचलतात. कागदाचा पिवळेपणा काढून ‘स्वच्छ’ करू नका, वरचं शीर्षक आणि कडा कापू नका. तक्त्यावरची अक्षरं बारीक आहेत, म्हणून खाली सूचीचा अर्थ मोठ्या अक्षरांत द्या. आणि आकडे कुठून आले तेही: जनगणना आणि अटलांटा विद्यापीठाची स्वतःची पाहणी. भिंतीच्या टोकाला एक नववा तक्ता तुमच्या विद्यार्थ्यांनी आजच्या आकड्यांवर काढलेला असेल, तर त्याला वेगळं टेबल द्या.

प्रश्न : चिठ्ठ्या किती मोठ्या, किती उंचीवर?

उत्तर : सुरुवातीचा फलक १५० ते २०० शब्द, वस्तूची चिठ्ठी ५० ते ६०. पेटीत अक्षरं १८ पॉइंटच्या खाली जाऊ नका, भिंतीवर २४ च्या. चित्रांचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर. चालण्याची वाट किमान ३६ इंच मोकळी, चाकाच्या खुर्चीला वळायला ६० इंचांचं वर्तुळ. भिंतीवरची पेटी २७ ते ८० इंचांच्या पट्ट्यात चार इंचांपेक्षा जास्त पुढे आलेली चालत नाही, कारण पांढऱ्या काठीला ती लागत नाही आणि माणूस तिच्यावर आदळतो. काचेखाली सपाट ठेवलेली चिठ्ठी खुर्चीवरून चकाकते, ती थोडी तिरपी करा. चिठ्ठीच्या शेवटी संग्रहाचं नाव आणि खोक्याचा क्रमांक द्या, म्हणजे वाचणारा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी तोच कागद मागू शकेल.

प्रश्न : जोतीराव फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांचा या इतिहासाशी आलेला संबंध दाखवावासा वाटतो. जागा आहे का?

उत्तर : एका पेटीत एका कोपऱ्याएवढी आहे. फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामी संपवण्यासाठी झटलेल्यांना अर्पण केली. अर्पणपत्रिकेचं पान मोकळं आहे, छापता येईल. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डुबॉइस यांना पत्र लिहून ‘नॅशनल निग्रो काँग्रेस’ने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. डुबॉइस यांनी त्याच वर्षी जुलैत उत्तर दिलं. दोन्ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅम्हर्स्ट इथल्या डुबॉइस संग्रहात आहेत, संकेतस्थळावर वाचता येतात. छापण्यासाठी तिथल्या विशेष संग्रह विभागाला लिहा. चिठ्ठीत पत्रात आहे तेवढंच सांगा. दोन लढे एकच होते, असं मोठं विधान त्या दोन पानांवर लादू नका. आणि ही पेटी शेवटी ठेवा: प्रदर्शन आफ्रिकन-अमेरिकनांचं आहे, आपण त्यात पाहुणे आहोत.

प्रश्न : प्रदर्शन उतरवताना काय जपायचं?

उत्तर : मांडताना भरलेला स्थितीचा तक्ता हातात घेऊन एकेक वस्तू तपासा: नवा डाग, सुटलेलं पान, दुमडलेला कोपरा. सही करून मगच खोक्यात ठेवा. प्रत्येक पेटीचं समोरून छायाचित्र, चिठ्ठ्यांच्या फाइली, वस्तूंची यादी आणि परवानग्यांची पत्रं अभिलेखागारात जमा करा. दहा वर्षांनी असंच प्रदर्शन करणारा विद्यार्थी तिथूनच सुरुवात करील. सूत्र जाहीर करणारे फलक टाकून द्या, कपाटात जागा अडवतात.

प्रदर्शन चालू असतानाच माजी विद्यार्थी येऊन सांगतात, ‘या फोटोतली तिसरी ती माझी मावशी.’ त्यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून मेजावर वही ठेवा: फोटोचा क्रमांक, ओळखलेली व्यक्ती, सांगणाऱ्याचं नाव आणि संपर्क, तारीख. कुणी घरातली पत्रकं किंवा छायाचित्रं देऊ केली तर देणगीच्या अर्जावर सही झाल्याशिवाय हातात घेऊ नका. कागद आणि त्यातल्या मजकुराचे हक्क या दोन्हींसाठी अर्जात वेगळे रकाने असावेत. नावं लिहायची ती छायाचित्राच्या मागे नाही, त्याच्या आम्लमुक्त पाकिटावर, आणि ती मऊ पेन्सिलीने, छायाचित्र आत घालण्याआधी.